उडीला जामीन कोण?

म्हसळ्याला समुद्र नाही. हे आधीच सांगून टाकलेले बरे; कारण रायगड जिल्ह्यातले किनाऱ्याकडचे तालुक्याचे गाव म्हटले की मुंबई-पुण्याच्या माणसाच्या डोळ्यांपुढे आपोआप नारळ, वाळू आणि तळलेली सुरमई उभी राहते. आमच्या वाट्याला खाडीचे शेपूट आले आहे. राजपुरीची खाडी जंजिऱ्याच्या अंगाने आत शिरते आणि धापा टाकीत आमच्यापर्यंत पोचते, तोवर तिच्यातला समुद्र संपून चिखल उरलेला असतो. आमच्याकडे आहे तो रस्ता. श्रीवर्धन म्हणा, हरिहरेश्वर म्हणा, माणगावकडून येणारी गाडी आमच्या छातीवरूनच पुढे जाते. त्यामुळे समुद्र नाही तरी समुद्राकडे जाणारी माणसे पाहण्याचे भाग्य आम्हांला भरपूर लाभले आहे, आणि त्याला पार्किंगचे पैसेही पडत नाहीत.

ह्या माणसांचे प्रश्न वर्षानुवर्षे ठरलेले होते. "हरिहरेश्वर अजून किती लांब?" "मच्छीची थाळी कुठे चांगली?" "आधी काळभैरवाचं दर्शन की आधी हरिहरेश्वराचं?" अलीकडे त्यांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. "काका, इकडे उडी मारायला चांगला कडा कुठंय?"

असा प्रश्न पूर्वी कुणी विचारला असता तर गावाने त्याला चहा पाजून, समजूत घालून परतीच्या एसटीत बसवून दिला असता. पण ही मंडळी जिवाला कंटाळलेली मुळीच नसतात. चांगली खाऊन-पिऊन सुखी असतात. त्यांना म्हणे 'थ्रिल' हवे असते. कड्याच्या टोकावर उभे राहायचे, मित्राने खालून किंवा बाजूने मोबाईल रोखायचा, 'एक, दोन, तीन' म्हणायचे आणि समुद्रात स्वतःला सोडून द्यायचे. मग त्याचे रीळ. आमच्या वेळी रीळ म्हणजे शिंप्याकडच्या दोऱ्याचे. ते तुटले तर शिंपी दुसरे लावायचा.

विलायतेत ह्या छंदाला 'टूमस्टोनिंग' म्हणतात. टूमस्टोन म्हणजे थडग्यावरचा दगड. माणूस ताठ उभा, दगडासारखा सरळ खाली जातो म्हणून हे नाव. इंग्रज माणूस दोषांनी भरलेला असेल, पण नाव ठेवताना पुढचा मुक्काम सांगून ठेवण्याइतका तो प्रामाणिक आहे. आपल्याकडेही ह्या क्रियेला जुना शब्द आहे: कडेलोट. रायगडावरच्या टकमक टोकावरून गुन्हेगारांचा कडेलोट करीत, असे सांगतात. म्हणजे ज्या गोष्टीसाठी एके काळी राजदरबारचा हुकूम लागत असे, ती आता दोन दिवसांची किरकोळ रजा टाकून करता येते. प्रगती म्हणतात ती हीच.

ह्यावर कुणी काही बोलले की लगेच धाडसाचा मुद्दा निघतो. "काका, तुमच्या पिढीला साहस ठाऊकच नाही. मारुतीने नाही मारली उडी? सावरकरांनी नाही मारली?"

मारली. दोघांनीही मारली. सावरकरांनी ८ जुलै १९१० रोजी मार्सेलिसच्या बंदरात बोटीच्या खिडकीतून उडी मारली, ती पहाऱ्यातून निसटण्यासाठी. हरिहरेश्वरच्या खडकावर उभ्या असलेल्या ह्या चिरंजीवांच्या मागे ब्रिटिश सरकार लागलेले नसते. फार तर हॉटेलवाला लागलेला असतो, खोली रिकामी करायची वेळ झाली म्हणून. आणि कड्याशी झुंजल्याचा दाखला हवाच असेल तर तो आमच्या जिल्ह्यातच आहे. हिरकणी. तान्ह्या मुलासाठी रात्रीच्या काळोखात रायगडाचा कडा ती उतरली, अशी कथा आहे. 'उतरली' म्हणतो मी. हातापायांनी चाचपत, सोलपटत उतरली. उडी मारली असती तर बुरूज बांधायचे काही कारण उरले नसते.

राहता राहिला मारुती. त्याची उडी सगळ्यांना पाठ असते, पण उडीच्या आधीची सभा कुणी वाचीत नाही. वाल्मीकींनी ती किष्किंधाकांडाच्या शेवटी सविस्तर दिली आहे. समुद्र समोर पसरलेला. वानरांना प्रश्न पडला, पलीकडे जायचे कुणी? तेव्हा एकेका वानराने उठून आपली ऐपत सांगितली. एक म्हणाला, दहा योजने जाईन. दुसरा म्हणाला, वीस. तिसरा तीस. असे करीत करीत म्हातारा जांबवान नव्वदावर आला. शेवटी युवराज अंगद उठला आणि म्हणाला, शंभर योजने मी जाईन, पण परत येण्याइतकी शक्ती उरेल की नाही ह्याची खात्री नाही. झाले! त्याची उडी रद्द झाली. एकाही वानराने "जा रे, काही होत नाही" म्हटले नाही. कुणी "अंगद, अंगद" म्हणून टाळ्या पिटल्या नाहीत. तरणाबांड युवराज भर सभेत 'परतीची खात्री नाही' म्हणाला, आणि त्यात त्याची अब्रू गेली असे कुणालाही वाटले नाही. माझ्या मते अख्ख्या रामायणातले हे एक फार मोठे धाडस आहे. आणि ते आजच्या तरुणाला सर्वांत जड जाणारे आहे.

आता परतीची खात्री नसते ती का, हे थोडे हिशेबाने पाहू. वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे पदार्थविज्ञानाशी माझा संबंध बेताचाच. पण पडण्याचे गणित व्याजापेक्षा सोपे आहे. दहा मीटर म्हणजे साधारण तीन मजले. तेवढ्यावरून खाली यायला दीड सेकंदही लागत नाही आणि पाण्यावर आदळताना वेग ताशी ५० किलोमीटर असतो. वीस मीटर घेतले तर दोन सेकंद आणि वेग ताशी ७० किलोमीटर. म्हणजे घाट उतरून सपाटीला लागलेली आमची लाल एसटी ज्या वेगाने धावते, त्या वेगाने तुम्ही स्वतः, बसशिवाय. पाणी मऊ असते हा समज बादलीपुरता खरा आहे. एवढ्या वेगाने येणाऱ्याला बाजूला सरकून वाट द्यायला पाण्याला वेळ मिळत नाही. वाकडे पडलात तर बरगड्या, पाठीचा कणा. डोक्यावर पडलात आणि खाली खडक असला तर मान. आणि मान मोडलेला माणूस मरतोच असे नाही, हे त्यातले अधिक भयंकर आहे. तो मानेखाली निश्चल होऊन पुढची चाळीस वर्षे आढ्याकडे पाहत पडून राहू शकतो. ते रीळ कुणी काढीत नाही.

दुसरा हिशेब भरती-ओहोटीचा. तो कोकणात शाळेत न जाता येतो. तिथीची पाऊणपट करायची. तेवढ्या वाजता भरती. स्थूल हिशेब आहे, पण पिढ्यान् पिढ्या चालला आहे. पौर्णिमा म्हणजे पंधरा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती, आणि तिथून सहा तासांनी, म्हणजे साडेपाचच्या आसपास, पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते. तेव्हा ह्या सहा तासांत पाणी दहा-बारा फूट सहज खाली जाते.

आता ह्या हिशेबात एक सहल बसवून पाहा. मंडळी साडेअकराला कड्यावर पोचली. एकाने उडी मारली, वर आला, केस झटकले, टाळ्या झाल्या. मग जेवण. सुरमई, सोलकढी, त्यावर दोन उकडीचे मोदक आणि मग कोकणातली ती दुपारची झोप. साडेपाचला दुसरा जागा होतो. "अरे, माझी राहिलीच!" खडक तोच, मित्र तेच, उजेड फोटोला सकाळपेक्षा छान. फक्त पाणी बारा फूट खाली गेलेले. म्हणजे उडी एका मजल्याने वाढली आणि तळ एका मजल्याने जवळ आला. जमेतून गेले आणि नावे पडले! एका व्यवहारात दोन्हीकडून तोटा मी नोकरीत फारसा पाहिलेला नाही.

हरिहरेश्वरला देवळामागून प्रदक्षिणेचा मार्ग आहे. दोन कड्यांच्या फटीतून पायऱ्या उतरून समुद्राकाठच्या खडकांवर जायचे आणि डोंगराला वळसा घालून यायचे. ही प्रदक्षिणा ओहोटी बघूनच करायची, हा तिथला दंडक आहे. ज्या गावात देवाला प्रदक्षिणा घालायलासुद्धा समुद्राची परवानगी लागते, त्या गावात आपण त्याला न विचारता त्याच्या डोक्यावर उडी मारतो!

आणि समजा सगळे जमले. भरती होती, पाणी खोल होते, उडी सरळ पडली. आता वर या! कड्याला पायऱ्या नसतात. खडकावर शेवाळ, शेवाळाखाली कालवे. कालवे खायला गोड असली तरी त्यांची शिंप ब्लेडसारखी चालते. लाट तुम्हांला उचलून खडकावर घासते, परतताना ओढून नेते आणि पुन्हा आणून घासते. किसणीवर नारळ धरावा तसे. पोहता येत असून माणूस इथे दमतो आणि बुडतो. शहरातल्या तलावात चाळीस फेऱ्या मारणाऱ्याला हे ठाऊक नसते, कारण तलावाला शिडी असते आणि शिडीजवळ शिट्टी घेतलेला एक माणूस असतो.

"मग गावची पोरं कशी मारतात उड्या?" हा पुढचा प्रश्न. मारतात. पण गावचे पोर धक्क्यावरून ज्या पाण्यात उडी घेते, त्या पाण्याच्या तळावरून ते ओहोटीच्या वेळी शंभरदा चालत गेलेले असते. कालवे फोडायला, खेकडे धरायला. कुठला खडक कुठे आहे, हे त्याला आपल्या घरातल्या उंबऱ्यासारखे माहीत असते. अंधारातसुद्धा त्याला ठेच लागायची नाही. तुम्ही काल रात्री आलात. तुम्हांला लॉजमधल्या मोरीचा उंबरा अजून सापडलेला नाही. सकाळपासून तीनदा अडखळलात.

"परदेशात तर सर्रास मारतात." तेही खरे. मेक्सिकोत अकापुल्कोला क्वेब्राडा नावाचा कडा आहे. सुमारे ३५ मीटरवरून तिथले लोक सूर मारतात. पण ते वर उभे राहून लाट मोजत असतात. लाट आत येऊन पाणी चढले की त्या क्षणी निघतात. पिढीजात विद्या आहे ती. जागतिक जलतरण स्पर्धेत २०१३ सालापासून उंच उड्यांचा प्रकार आहे. पुरुषांना २७ मीटर, बायकांना २० मीटर. पण तिथे वर्षानुवर्षे कमी उंचीवर सराव करून आलेले लोक असतात. पाण्यात शिरताना पाय आधी, आणि खाली पाण्यात पाणबुडे तयार. एका माणसाच्या उडीसाठी इतकी माणसे पाण्यात. आपल्याकडे पाण्यात कुणीच नाही. एक चुलतभाऊ, तोही वर, मोबाईल आडवा धरून.

एवढे झाल्यावर शेवटचे अस्त्र बाहेर येते. "माझा जीव, माझी मर्जी. मी माझ्या जबाबदारीवर मारतो. तुमचं काय जातं?"

सारे भांडण ह्या वाक्याशी आहे. बाकीचे सगळे मी हसून सोडून दिले असते. बँकेत आयुष्य घालवल्यामुळे एक गोष्ट मला पक्की ठाऊक आहे. 'माझ्या जबाबदारीवर' म्हणणाऱ्या कर्जदारालाही आम्ही जामीनदार आणायला सांगतो. कारण कर्ज बुडते तेव्हा कर्जदार जागेवर नसतो. जागेवर सापडतो तो जामीनदार. कड्यावरची ही उडी म्हणजे जामीनदारांना न विचारता, त्यांच्या सह्या न घेता काढलेले कर्ज आहे. मौज कर्जदाराची, हप्ते दुसऱ्यांचे.

कोण हे दुसरे? १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून मुरूडला सहलीला आलेली १४ मुले-मुली समुद्रात बुडाली. त्यांनी कड्यावरून उड्या मारल्या नव्हत्या. नुसती पाण्यात गेली होती. अनोळखी समुद्र तेवढ्यालाही पुरला. त्यांना शोधायला कोण गेले? तटरक्षक दल गेले, आणि किनाऱ्यावरचे कोळी गेले. जून २०२४ च्या अखेरीस ताम्हिणी घाटात एका धडधाकट, पोहता येणाऱ्या माणसाने धबधब्याच्या कुंडात उडी मारली. उडीची चित्रफीत देशभर लोकांनी पाहिली. तो स्वतः सापडला खाली आमच्या माणगावच्या बाजूला, दोन दिवसांनी. त्यानंतर पुरता महिनाही झाला नाही, तोच १६ जुलैला माणगावजवळच्या कुंभे धबधब्यापाशी चित्रण करताना मुंबईची एक तरुण मुलगी सुमारे तीनशे फूट खोल दरीत कोसळली. तिच्यासाठी पावसात, निसरड्या कड्यावरून दोर लावून माणसे खाली उतरली. ती गेली. उतरणारी माणसे परत वर आली, म्हणून त्यांची आठवण कुणाला नाही.

जून-जुलैत सरकार यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी करते. माशांची वीण होऊ द्यायची असते आणि समुद्रही भरवशाचा नसतो. होड्या वर ओढून, झापांनी झाकून ठेवलेल्या असतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय आमचे नाखवे त्याच्या वाटेला जात नाहीत. पोट समुद्रावर असलेली माणसे ही! आणि त्याच दिवसांत कुणा हौशी माणसाची उडी चुकली की त्याच नाखव्याच्या दारावर थाप पडते. "होडी काढा." तो काढतो. त्याची बायको दारात उभी राहून पाहत असते. तिने ह्या 'माझी मर्जी'वर कधी सही केली? धाडस म्हणायचे तर ते ह्या माणसाचे आहे. उडी मारणाऱ्याने आपले धाडस दोन सेकंदांत उधळले. नाखव्याला आपले धाडस संध्याकाळपर्यंत वल्हवावे लागते. आणि डिझेलचे पैसे किती झाले, हे त्याला बहुधा कुणी विचारीत नाही.

दुसरा जामीनदार मला काउंटरवर दिसतो. वर्षाला २० रुपये भरून दोन लाखांचा अपघाती विमा मिळतो, अशी सरकारी योजना आहे. वीस रुपयांत दोन लाख हा सौदा कागदावर फार चांगला दिसतो. पण त्याचा फॉर्म मयताच्या वारसाने भरायचा असतो. ह्या फॉर्मात 'मयताशी नाते' असा एक रकाना आहे. तो मुलाने बापासाठी भरावा, हीच जगाची रीत. बापाला मुलासाठी भरावा लागला की रकाना तोच, अक्षरे तेवढीच, पण पेन चालत नाही. मग आम्ही उगाचच "शाई संपली असेल" म्हणून दुसरे पेन पुढे करतो. त्याला सगळे कळत असते. तोही दुसरे पेन घेतो.

म्हणून माझा राग उडी मारणाऱ्यावर जितका आहे, त्याहून जास्त 'एक, दोन, तीन' म्हणणाऱ्यावर आहे. उडी मारणाऱ्याला निदान उडी तरी मारावी लागते. ह्याला नुसते आकडे म्हणायचे असतात, आणि तेही तीनपर्यंतच. गट जमला की प्रत्येकाला आतून वाटत असते, नको. पण आधी कोण बोलणार? अशा वेळी अंगदाचे वाक्य म्हणायला एक माणूस लागतो. "परतीची खात्री नाही रे, चल, भजी खाऊ." इतके सोपे वाक्य! त्याने कुणाची मैत्री मोडल्याचे मी ऐकलेले नाही. भजीचे पैसे कुणी द्यायचे ह्यावरून मोडल्याचे ऐकले आहे.

सरकारने काही करू नये असे नाही. पावसाळ्यात जिल्हाधिकारी धबधब्यांवर, धरणांवर बंदीचे हुकूम काढतात, फलक लागतात. फलकांवर 'धोका' असे लिहिलेले असते आणि त्याला रेलून लोक फोटो काढतात. नुसता 'धोका' वाचून आजचा माणूस भीत नाही; सिगारेटच्या पाकिटावरही तो तेच वाचीत आलेला आहे. त्यापेक्षा कड्यापाशी खडूने रोज लिहावे: 'आज पूर्ण भरती अमुक वाजता, पूर्ण ओहोटी अमुक वाजता; ओहोटीला खाली खडक.' काम एका खडूचे आणि पाऊणपट येणाऱ्या एका माणसाचे. किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षक ठेवावेत. गावचीच पोरे ठेवावीत. त्यांना रोजगार मिळेल आणि पाहुण्यांना पुढची सहल मिळेल.

आणि एवढे करूनही ज्याला उडी मारायचीच असेल, त्याच्यासाठी आमच्यासारखा एक छापील फॉर्म असावा. अर्जदाराची सही सर्वांत शेवटी. आधी जामीनदार क्रमांक एक, आई. क्रमांक दोन, वडील. क्रमांक तीन, ज्या नाखव्याला पावसात होडी काढावी लागेल तो, आणि शेजारी त्याच्या बायकोचा अंगठा. चारही मिळवून आणले की खुशाल मारावी उडी. आम्ही अडवणार नाही.

पहिल्याच रकान्यात नव्याण्णव टक्के अर्ज बाद होतील, ह्याची मला खात्री आहे. आई त्या कागदाचे काय करील, हे सांगायला नको. उरलेला एखादा वीर नाखव्याकडे जाईलच. नाखवा त्याला बसायला सांगेल, चहा देईल आणि विचारील, "तिथी काय आज?"

त्याचे उत्तर ज्याला देता येते, तो माणूस बहुधा चहा पिऊन घरी जातो.